सरासरीत न मावणारी थंडी

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतातल्या हवामान बदलाचा सविस्तर अहवाल काढला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा त्यात मोठा वाटा होता. अहवालातल्या दोन वाक्यांकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पहिलं मोजणीचं होतं. १९८६ ते २०१५ या तीस वर्षांत भारतात वर्षातला सर्वांत उष्ण दिवस सुमारे ०.६३ अंशांनी तापला आणि सर्वांत थंड रात्र सुमारे ०.४ अंशांनी. दुसरं भाकिताचं. उत्सर्जन बेलगाम राहिलं, तर या शतकाच्या अखेरीला सर्वांत उष्ण दिवस ४.७ अंशांनी आणि सर्वांत थंड रात्र ५.५ अंशांनी वर गेलेली असेल.

मोजणीत दिवस पुढे आहे, भाकितात रात्र. एवढ्यावरून हे भाकीत करणारी हवामानाची संगणकी मॉडेलं खोटी ठरत नाहीत. हवामानाच्या हिशेबात तीस वर्षं म्हणजे काही फार नाहीत, आणि हरितगृह वायू वाढले की रात्रीची उष्णता अडून राहते, यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे. पण वर्षातली सर्वांत थंड रात्र थंडीच्या कुठल्या तरी एका लाटेच्या पोटातून येते. लाट दोन-चार दिवस राहते, निफाडच्या बागेत द्राक्षाचे मणी तडकवते आणि निघून जाते. ही लाट कशी जन्मते, कुठवर पोहोचते, किती टिकते, हे हवामानाच्या मॉडेलांना कितपत जमतं? मुंबईसारख्या उकाड्याच्या शहरात बसून हा प्रश्न विचारणं विनोदी वाटेल. तरी तो इथेच विचारायला हवा, कारण महापालिकेपासून मंत्रालयापर्यंत पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे आराखडे आता याच मॉडेलांच्या आकड्यांवर लिहिले जात आहेत.

माझं मत आधीच सांगतो. थंडी एकूण कमी होत जाणार हे मॉडेलांचं सांगणं मानावं. त्यातून 'आता थंडीच्या लाटांची काळजी नको' असा जो अर्थ परस्पर काढला जातो, तो मानू नये. आणि ज्या आकड्याची आपल्या गावच्या नोंदींशी गाठ घालून पाहिलेली नाही, तो आकडा सरकारी आराखड्यात घेऊ नये.

मुंबईच्या थंडीची पुणेकर आणि नाशिककर टिंगल करतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकत नाही. सांताक्रूझला जानेवारीत किमान तापमान साधारण १७ अंशांच्या आसपास असतं. तरीही याच सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये पारा ७.४ अंशांवर आला होता आणि त्याच लाटेत कुलाब्याला ११.७ अंशांची नोंद झाली. फार मागे जायला नको, फेब्रुवारी २००८ मध्येही सांताक्रूझ दहा अंशांच्या खाली गेलं होतं. जगाचं तापमान तोवर चांगलंच वाढलेलं होतं. त्याच हिवाळ्यात चीनच्या दक्षिण आणि मध्य भागात बर्फाने रेल्वे आणि वीज ठप्प झाली, आणि महाराष्ट्रात द्राक्ष बागायतदारांची झोप उडाली.

मैदानी प्रदेशात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असलं, की हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. किनाऱ्यावर दहाचा आकडा क्वचितच गाठला जातो, म्हणून तिथे मर्यादा पंधरा अंशांची आहे, घट मात्र तेवढीच हवी. सांताक्रूझच्या हिशेबाने हे साडेबाराच्या आसपास येतं. यात एक गंमत आहे. 'नेहमीचं' तापमान दर दहा वर्षांनी नव्याने काढलं जातं, सध्या ते १९९१ ते २०२० या काळाचं आहे. सरासरी वर सरकली, की पूर्वी जो गारठा बातमीत आला नसता तोही 'नेहमीपेक्षा बराच कमी' ठरतो. म्हणजे थंडी कमी होत असतानाही थंडीच्या बातम्या तेवढ्याच राहू शकतात! बातम्या मोजून हवामान बदलाचा वाद घालणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेलं बरं.

आता ही लाट मुंबईपर्यंत येते कशी? सायबेरियाची थंड हवा थेट आपल्याकडे येत नाही, हिमालय आणि हिंदुकुश तिला आडवे उभे आहेत. आपल्याकडची थंडी पश्चिमेच्या दाराने येते. हिवाळ्यात उपोष्ण पट्ट्यातला वेगवान पश्चिमी वारा उंचावरून वाहत असतो आणि त्याच्या लहरींबरोबर भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी चक्रावात, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारी कमी दाबाची वादळं, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून येतात. काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून चक्रावात पूर्वेला सरकला, की त्याच्या पाठीमागे थंड, कोरडी हवा राजस्थान-गुजरातवरून खाली उतरते. आकाश निरभ्र होतं, हवेतली वाफ कमी होते आणि जमीन रात्रभर उष्णता आकाशाकडे सोडत राहते. मुंबईत दिवसा समुद्रावरून खारे वारे आले की गारठा मोडतो. ते उशिरा आले किंवा आलेच नाहीत, आणि रात्रीचे मतलई वारे जमिनीवरची थंड हवा घेऊन उत्तर-ईशान्येकडून वाहत राहिले, तर सांताक्रूझचा पारा उतरतो. कुलाबा तीन बाजूंनी समुद्राच्या कुशीत आहे, तिथे तो तेवढा उतरत नाही.

या साखळीतली प्रत्येक कडी जुळली तरच लाट येते. उंचावरच्या वाऱ्याची लहर, चक्रावाताचा मार्ग, त्यामागची कोरडी हवा, रात्रीचं निरभ्र आकाश, खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांची ओढाताण. पहिल्या दोन कड्या हजारो किलोमीटरच्या आहेत, शेवटची फार तर वीस-पंचवीस किलोमीटरची. हवामान बदलाची जागतिक मॉडेलं पहिल्या कड्यांत बऱ्यापैकी तयार आहेत. शेवटच्या कडीपाशी त्यांचा हात सुटतो.

सुटतो कारण त्यांचा चौकोनच मोठा आहे. जागतिक मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतं आणि बहुतेक मॉडेलांत एका चौकोनाची बाजू शंभर किलोमीटरच्या आसपास असते. मुंबईवर असा चौकोन टाकला, की त्यात अरबी समुद्र येतो, बेट येतं, ठाण्याची खाडी येते, भिवंडी-कल्याण येतं आणि सह्याद्रीची धारही येते. या सगळ्याला मिळून एक तापमान. सह्याद्री त्यात पसरट टेकाड होऊन बसतो. हिमालयाचंही तेच होतं, शिखरं आणि खिंडी घासून गुळगुळीत होतात आणि तिबेटच्या पठारावर मॉडेलं गरजेपेक्षा जास्त थंड राहतात, ही त्यांची फार जुनी खोड आहे. एकाच शहरात दोन हवामानं असतात हे मुंबईकराला कुणी शिकवायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला ७३. पावसाच्या बाबतीत हा धडा आपण महापूर भोगून शिकलो. थंडीच्या बाबतीत १९६२ च्या त्या दोन आकड्यांमधला चार अंशांहून मोठा फरक हेच सांगतो, पण तो कुणी आठवत नाही.

चौकोन लहान केला की प्रश्न मिटेल, असं पुष्कळांना वाटतं. काही अंशी मिटेलही. मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम सहा किलोमीटरच्या जाळीवर चालते, आधीची बारा किलोमीटरची होती. मात्र ती आजपासून पुढच्या काही दिवसांचा अंदाज देते, २०५० चा हिवाळा सांगत नाही. शिवाय रात्रीच्या गारठ्याची अडचण केवळ जाळीची नाही.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. तापमानाची ही विपरीतता कधी कधी काही डझन मीटरच जाड असते. अशा थरात हवेची घुसळण जवळजवळ थांबते. मॉडेलला हे थांबणं नीट जमत नाही, ते खालची-वरची हवा प्रत्यक्षापेक्षा जास्त मिसळतं. परिणामी थर पसरट होतो आणि जमिनीजवळचा खरा गारठा हुकतो. ही चूक अडाणीपणातून आलेली नाही. घुसळण निरीक्षणांइतकी कमी केली, की वरच्या वाऱ्यांचा आणि वादळांच्या मार्गांचा अंदाज बिघडतो, असा अनुभव युरोपातल्या नावाजलेल्या अंदाज केंद्रांनाही आलेला आहे. म्हणून मॉडेल करणाऱ्यांनी जाणूनबुजून तडजोड केली: मोठं चित्र नीट राहावं म्हणून जमिनीलगतची रात्र थोडी चुकू दिली. शास्त्रात अशी तडजोड चालते. ती झालेली आहे हे आराखडा लिहिणाऱ्याला ठाऊक नसणं चालत नाही.

मोठ्या कड्यांबद्दलही वाद आहेच. ध्रुवाच्या वर, स्थितांबरात (ढग-पावसाच्या थराच्या वरच्या थरात), हिवाळ्यात थंड हवेचा एक प्रचंड भोवरा फिरत असतो. काही हिवाळ्यांत वरची हवा अचानक तापते, भोवरा विस्कटतो आणि पुढच्या काही आठवड्यांत युरोप, उत्तर अमेरिका किंवा पूर्व आशियात थंडीच्या लाटा उसळतात. ज्या मॉडेलांचं वातावरण स्थितांबराच्या खालच्या भागातच संपतं, त्यांना हे विस्कटणं पुरेशा वेळा घडवता येत नाही. दुसरी कमतरता युरोपाभोवती अनेक दिवस ठाण मांडून बसणाऱ्या उच्चदाबाच्या अडसरांची. मॉडेलं ते प्रत्यक्षापेक्षा कमी घडवतात, ही तक्रार काही दशकांची आहे, नव्या पिढीत ती कमी झाली, संपली नाही. लाट किती दिवस टिकणार हे बऱ्याचदा अशा अडसरांवर ठरतं. म्हणजे नेमका टिकण्याचाच हिशेब कच्चा राहतो.

यात २०१२ मध्ये एका मोठ्या कल्पनेची भर पडली. अमेरिकेतल्या जेनिफर फ्रान्सिस आणि स्टीव्हन व्हॅव्ह्रस यांनी मांडलं, की उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश झपाट्याने तापतो आहे, त्यामुळे ध्रुव आणि मध्य अक्षांश यांच्यातला तापमानाचा फरक घटतो, पश्चिमी वारा मंदावतो, त्याची वळणं मोठी होतात आणि तापणाऱ्या जगातही काही ठिकाणी कडाक्याची थंडी वाढू शकते. कल्पना आकर्षक होती. १९९० च्या दशकापासून २०१२ च्या सुमारापर्यंत मध्य युरेशियातले हिवाळे खरोखर गारठत होते आणि मॉडेलांच्या सरासरीत तो गारठा दिसत नव्हता. तेव्हा बोट मॉडेलांकडे गेलं. पुढे काय झालं? ध्रुव तापतच राहिला, १९७९ पासून तो जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला, पण युरेशियाचा गारठा मात्र पुढे तसा वाढत गेला नाही. डझनाहून अधिक मॉडेलांना ध्रुवावरचा बर्फ कमी करून मुद्दाम चालवलं, तेव्हा पश्चिमी वारा मंदावल्याचं सगळ्यांत दिसलं, पण अगदी किंचित. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०२१ च्या अहवालाने या दुव्याविषयी कमी विश्वासाचा शेरा मारला आणि थंडीच्या टोकाच्या घटना १९५० नंतर बहुतेक जमिनीवर कमी आणि सौम्य झाल्या आहेत, हे ठामपणे नोंदवलं.

इथे मॉडेलांची बाजू सरळ सरळ वरचढ ठरली, असं म्हणून प्रकरण मिटवण्याचा मोह होतो. तेही घाईचं होईल. ब्रिटनच्या हवामान खात्यातले अ‍ॅडम स्केफ आणि डग स्मिथ यांनी २०१८ मध्ये एक विचित्र गोष्ट मांडली. उत्तर अटलांटिकवरच्या हिवाळ्याचा अंदाज करताना मॉडेल अनेकदा चालवून काढलेली सरासरी, त्याच मॉडेलच्या एखाद्या सुट्या धावेशी जितकी जुळते त्याहून प्रत्यक्ष वातावरणाशी अधिक जुळते. म्हणजे मॉडेलला संकेत बरोबर सापडतो, पण त्याचा जोर त्याच्याकडे प्रत्यक्षापेक्षा कमी असतो. हे खरं असेल, तर 'मॉडेलमध्ये परिणाम किंचित आहे' यावरून 'निसर्गातही किंचितच आहे' असं म्हणता येत नाही. तज्ज्ञांमध्ये यावर अजून एकमत नाही. ध्रुवाचा आणि मुंबईचा संबंध तर याहून दूरचा आहे, तो ओढूनताणून जोडणारे लेख सावधपणेच वाचावेत.

आपल्याकडचं ताजं उदाहरण मॉडेलांच्या बाजूचं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०२४ च्या पावसाळ्याअखेरीस 'ला निना (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड होणं) येणार, यंदा हाडं गोठवणारी थंडी' अशा बातम्यांचा पूर आला. कित्येकांच्या फोनवर स्वेटर बाहेर काढण्याचे संदेश फिरत होते. डिसेंबरच्या सुरुवातीला हवामान खात्याने मॉडेलांच्या आधारे नेमकं उलट सांगितलं, देशाच्या बहुतेक भागांत हिवाळा उबदार राहील आणि लाटांचे दिवस कमी असतील. फेब्रुवारी २०२५ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईला चक्क उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला. पूर्ण ऋतूचा, पूर्ण देशाचा कल सांगण्यात मॉडेल चांगलं असतं. 'ला निना म्हणजे थंडी' या सोप्या सूत्रापेक्षा तर कितीतरी चांगलं.

मग अडचण कुठे आहे? मॉडेलमधून आराखड्यापर्यंतच्या प्रवासात. जागतिक मॉडेलचा आकडा तसाच वापरत नाहीत, त्याची दुरुस्ती करतात. गेल्या काही दशकांत मॉडेल मुंबईला प्रत्यक्षापेक्षा दोन अंश थंड दाखवत असेल, तर भविष्यातल्या आकड्यांत दोन मिळवायचे. याहून बारकाईच्या पद्धती आहेत, पण मूळ विचार हाच. दुरुस्ती झाली की आलेख सुंदर दिसतो, भूतकाळाशी तंतोतंत जुळतो आणि अहवालात तो रंगीत छापला जातो. यात गृहीत असं, की मॉडेलची चूक सगळ्या दिवसांना सारखीच लागू आहे. खारे वारे रेंगाळलेल्या, मतलई वाऱ्याच्या त्या चार रात्री मॉडेलमध्ये मुळात घडतच नसतील, तर कितीही बेरीज-वजाबाकी केली तरी त्या निर्माण होणार नाहीत. दुरुस्तीने चूक झाकली जाते, वागणूक सुधारत नाही. त्यावर पुन्हा तीस मॉडेलांची सरासरी काढली, की एकेका मॉडेलमध्ये वेगवेगळ्या वर्षी आलेल्या लाटा एकमेकींत विरून जातात. सकाळी नऊच्या आणि दुपारी तीनच्या दादरच्या गर्दीची सरासरी काढून फलाटाची रुंदी ठरवावी, तसला हा प्रकार.

मॉडेलमध्ये शहरही नसतं, किंवा असलं तर नावापुरतं. सांताक्रूझच्या रात्री गेल्या काही दशकांत उबदार झाल्या, त्यात जगाच्या तापण्याचा वाटा किती आणि आजूबाजूला उभ्या राहिलेल्या काँक्रीटचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय पुढचा आकडा लावणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मोजणं किंवा एकदाही न मोजणं. आरे वसाहतीतल्या पाड्यांवर आणि नॅशनल पार्कच्या कडेला आजही पहाटे जो गारठा असतो तो अंधेरीच्या मेट्रो स्थानकाबाहेर नसतो. 'मुंबईचं किमान तापमान' या एका ओळीत या दोन्ही जागा बसवल्या जातात.

यावर हमखास येणारा आक्षेप मला मान्य आहे. मुंबईत माणसं उकाड्याने, पुराने, दरडी कोसळून मरतात, थंडीने नाही. मग ही चर्चा कशाला? मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबईच्या हवामान कृती आराखड्याचा भर उष्णता, पूर, हवा यांवर आहे आणि तो योग्यच आहे. पैसा मर्यादित आहे, तो आधी तिथेच जावा. थंडीसाठी वेगळा निधी, वेगळा कक्ष अशी माझी मागणी नाही. पण मुंबईत थंडीच्या लाटेचा उपद्रव पाऱ्यापुरता नसतो, हे विसरू नये. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातून उठलेलं धुळीचं वादळ समुद्र आणि गुजरात ओलांडून मुंबईवर आलं होतं. गाड्यांवर पांढरट थर बसला, दृश्यता घसरली, दिवसाचं तापमान कोसळलं आणि हवा श्वास घेण्याच्या लायकीची राहिली नाही. तीही पश्चिमी चक्रावाताचीच करणी. आणि लाटेनंतर वारा पडला, रात्रीची विपरीतता घट्ट बसली, की बांधकामांची धूळ आणि वाहनांचा धूर तिच्याखाली साचतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. हिवाळ्यात वारा कधी पडणार, किती दिवस पडलेला राहणार, हा या शहराच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे. थंडीची लाट मॉडेलला ज्या कारणांनी नीट पकडता येत नाही, त्याच कारणांनी तो साचलेला वाराही पकडता येत नाही. हिवाळे उबदार झाले म्हणून हवा आपोआप स्वच्छ होणार नाही.

शिवाय मुंबईचा हिवाळा मुंबईत संपत नाही. वाशीच्या बाजारात फेब्रुवारी-मार्चमध्ये किती हापूस येणार, हे कोकणातल्या रात्री ठरवतात. मोहोर फुटायला गारवा लागतो. पण फळधारणा झाल्यावर थंडी पुन्हा वाढली आणि लांबली, की त्याच फांदीवर पुनर्मोहोर येतो, झाडाचं अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि वाटाण्याएवढी फळं गळून पडतात. दापोलीचं कृषी विद्यापीठ यावर वर्षानुवर्षं सल्ले देत आलं आहे. बागायतदाराला हिवाळ्याची सरासरी किती वाढली हे समजून फारसा उपयोग नाही. थंडी केव्हा आली, मध्ये किती खंड पडला, परत केव्हा आली, यावर त्याचं वर्ष ठरतं. नाशिककडेही तसंच. तिथे घड भरत असताना पारा एकदम उतरला की मण्यांची फुगवण थांबते, पक्व मणी तडकतात, मग पहाटे ठिबकने पाणी सोडा, बांधावर शेकोट्या पेटवून धूर करा, अशी धावपळ सुरू होते. सरासरी उबदार होत जाणाऱ्या हिवाळ्यात एखादी लाट अधिक घातक ठरण्याचीही शक्यता आहे, कारण उबेने पीक आधीच पुढे गेलेलं असतं.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये जे भोगलं ते इथे आठवणं भाग आहे. तिथे त्या लाटेचा अंदाज साधारण आठवडाभर आधी आलेला होता. मॉडेल चुकलं नव्हतं. तरीही नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि वाहिन्या गोठल्या, वीजकेंद्रं बंद पडली, ४५ लाखांहून अधिक घरं आणि दुकानं अंधारात गेली आणि राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. फेब्रुवारी २०११ मधल्या लाटेनंतर संघराज्याच्या यंत्रणांनी यंत्रसामग्री थंडीला तोंड देण्याजोगी करा, असं लेखी सांगितलं होतं. दहा वर्षं ते कागदावर राहिलं. 'आपल्याकडे अशी थंडी क्वचितच' हा विचार त्यामागे होता. आपण टेक्सास नाही, मुंबईत पाण्याचे नळ गोठणार नाहीत. पण क्वचित येणाऱ्या गोष्टीला यादीतून काढून टाकण्याची वृत्ती कुठेही सारखीच असते, आणि आता तिच्या हाती मॉडेलचा आलेख आला आहे.

म्हणून मागणी साधी आहे आणि स्वस्त आहे. राज्याच्या किंवा पालिकेच्या ज्या आराखड्यात मॉडेलवरून काढलेला हिवाळ्याचा आकडा असेल, त्याच पानावर त्या मॉडेलची उलटतपासणी छापावी. मागच्या चाळीस वर्षांत या मॉडेलने सांताक्रूझला आणि कुलाब्याला बारा अंशांखालच्या किती रात्री दाखवल्या आणि प्रत्यक्षात किती होत्या? सलग तीन रात्रींची लाट त्यात किती वेळा आली? ती पश्चिमी चक्रावाताच्या मागोमाग आली की भलत्याच कारणाने? चुकीच्या कारणाने बरोबर आलेला आकडा पुढच्या काळात कुठेही भरकटू शकतो, म्हणून हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सरासरीच्या जोडीला मॉडेलांमधला विस्तारही दाखवावा, सर्वांत थंड सांगणारं मॉडेल आणि सर्वांत उबदार सांगणारं मॉडेल, दोन्ही. यासाठी नवी उपकरणं विकत घेण्याचीही गरज नाही. २००५ च्या पुरानंतर पालिकेने पाऊस मोजायला शहरभर स्वयंचलित केंद्रं बसवली. त्यांच्यातली जी तापमान आणि वाराही मोजतात, त्यांच्या हिवाळ्यातल्या रात्रींच्या नोंदी तपासून, तासागणिक, सर्वांना मोफत उतरवून घेता येतील अशा ठेवल्या तरी पुष्कळ काम होईल. महाविद्यालयातली मुलंसुद्धा ही उलटतपासणी करू शकतील. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून हवामानाची निरीक्षणं होत आली आहेत, एवढा लांब वारसा असलेल्या शहराला परक्या चौकोनातल्या एका तापमानावर विसंबण्याचं कारण नाही.

मॉडेल करणारे शास्त्रज्ञ यावर म्हणतात, आमच्याकडे एकेका लाटेचा हिशेब मागू नका, आम्ही तीस वर्षांची सांख्यिकी सांगतो. त्यांचं म्हणणं रास्त आहे. पुण्याच्या संस्थेने देशातलं पहिलं पृथ्वी प्रणाली मॉडेल उभं करून जागतिक तुलनेत उतरवलं, ते याच मर्यादा जाणून. तक्रार त्यांच्याविरुद्ध नाहीच. ती आहे सल्लागार कंपन्यांच्या चकचकीत सादरीकरणांविरुद्ध, जिथे 'किमान तापमानात अमुक अंश वाढ' ही ओळ येते आणि तिच्याखालची तळटीप गळून जाते.

आणि ही ओळ आता पैशातही मोजली जाऊ लागेल. महाराष्ट्रात फळपिकांचा हवामान आधारित विमा आहे. आंबा आणि द्राक्षासाठी त्यात कमी तापमान हाही धोका धरलेला आहे. महसूल मंडळातल्या केंद्रावर ठरावीक काळात किमान तापमान ठरलेल्या आकड्याखाली उतरलं, की भरपाई लागू होते. हे आकडे, त्यांचे कालावधी आणि हप्त्याचे दर अधूनमधून नव्याने ठरतात. उद्या कुणी हवामान बदलाचा अहवाल पुढे करून 'थंडीचा धोका आता कमी झाला' म्हणत ही मर्यादा खाली आणली किंवा हा धोकाच वगळला, तर देवगडच्या किंवा दिंडोरीच्या बागायतदाराकडे उत्तर काय असेल? एका मंडळातल्या, ठरावीक आठवड्यांतल्या, सलग काही रात्री, म्हणजे मॉडेलला जे सर्वांत कमी जमतं नेमकं त्यावर त्याचे पैसे अवलंबून आहेत. विम्याचे निकष बदलताना मॉडेलचा आधार घ्यायचाच असेल, तर त्या मंडळाच्या केंद्रावरची उलटतपासणी आधी जाहीर करणं कंपनीवर आणि कृषी विभागावर बंधनकारक असलं पाहिजे, आणि तसं कलम शासन निर्णयातच घालावं लागेल.